अत्तार सर आणि चौथा पर्याय

अत्तार सरांना एखादं साधं नाव विचारायची सोय नव्हती. आपण नाव विचारावं आणि त्यांनी ते नाव ठेवणाऱ्याच्या घरापर्यंत जाऊन यावं. लातूरच्या एका क्लासमध्ये आम्ही सात वर्षं बरोबर शिकवलं, मी भूगोल आणि ते इतिहास. त्या सात वर्षांत मी त्यांच्यावर जितका वैतागलो तितका सख्ख्या भावावरही कधी वैतागलो नसेन. आज लिहायला बसलोय तरी वैताग गेलेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा, हे आता ठरत नाही.

क्लास चौधरी सरांचा होता. तलाठी, ग्रामसेवक, फौजदार अशा परीक्षांची तयारी करून घ्यायचा. भांड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पत्र्याचं छत, आणि खाली कुणी पातेलं ठोकून बघितलं की वर आमचं वाक्य तुटायचं. अशा परीक्षांत प्रश्नाला चार पर्याय असतात. विद्यार्थ्यानं एकावर खूण करायची आणि पुढे जायचं. शिकवणाऱ्यानंही तसंच पुढे जायचं असतं. अत्तार सर मात्र पहिल्याच प्रश्नावर बैठक मारायचे.

बशीर अत्तार मूळचे अहमदपूरचे. घरचा धंदा अत्तर, सुरमा आणि अगरबत्तीचा. वडील बाजाराच्या दिवशी खांद्यावर पेटी घेऊन गावोगाव जायचे. सर शिकले, इतिहासात एम. ए. झाले, कॉलेजात जागा मिळेल म्हणून पाच-सहा वर्षं मुलाखती दिल्या आणि शेवटी आमच्यात आले. अंगानं उंच, मानेत थोडे वाकलेले, पांढरा शर्ट, आणि उजव्या कानात अत्तराचा फाया. ते जिना चढून यायच्या आधी वाळ्याचा वास यायचा. पोरं म्हणायची, सरांची हजेरी नाकानं घ्यावी लागते.

वर्गात आले की ते आधी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायचे. डावीकडे लिहायचे 'आपण' आणि उजवीकडे 'लोक'. मग धर्मांतले पंथ शिकवायला घ्यायचे. एखादा पंथ स्वतःला काय म्हणायचा ते डाव्या बाजूला, आणि त्याला दुसरे काय म्हणायचे ते उजव्या बाजूला.

"नाव दोन जागी ठेवतेत," ते म्हणायचे. "एक आई ठेवती, एक गल्ली ठेवती. इतिहासात बहुतेक गल्लीचंच टिकलंय. तुम्ही पाठ करा, माझं न्हाई म्हणणं न्हाई. पण पाठ करायच्या आधी विचारा, हे कुणी म्हणलं?"

मग सुरू व्हायचं. जर्मनीतल्या काही राजांनी भरसभेत एका ठरावाला विरोध नोंदवला म्हणून ते प्रोटेस्टंट. ते स्वतःला म्हणत होते शुभवर्तमानाचे लोक. तिकडे विलायतेत काही कॉलेजची पोरं ठरल्या वेळी उठायची, ठरल्या वेळी प्रार्थना करायची, ठरल्या वेळी अभ्यासाला बसायची. बाकीच्या पोरांनी त्यांची टिंगल केली, "हे बघा पद्धतवाले." तेच मेथडिस्ट. "म्हणजे तुमच्यासारखेच," सर पुढच्या बाकावरच्या पोराला म्हणायचे. "पाच वाजता उठून राहिलास ना? मग तूबी मेथडिस्ट." पोरं हसायची, आणि खरं सांगायचं तर ते नाव नंतर कुणी विसरायचं नाही.

एकदा एका आगाऊ पोरानं विचारलं, "सर, तुम्ही शिया का सुन्नी?" सर शांतपणे खडू घेऊन फळ्याकडे वळले. "शिया म्हणजे नुसता गट, बाबा. अलींचा गट म्हणायचे. म्हणता म्हणता पुढचं नाव गळालं आणि गट तेवढा राहिला. सुन्नत पाळणारे ते सुन्नी. आता तिसरे बघ. खारिजी, म्हणजे बाहेर पडलेले. ज्यांना सोडून ते गेले, त्यांनी हे म्हणलं. ते स्वतःला काय म्हणायचे? जीव देवाला विकलेले. आता सांग, स्वतःला कुणी बाहेर पडलेला म्हणून घेतंय का?" तास संपला. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं, आणि त्यानं ते पुन्हा विचारलंही नाही.

हे सगळं ऐकायला गोड आहे. पण तीन तासांत संपवायचा धडा नऊ तास चालला की माझे भूगोलाचे तास खाल्ले जायचे. नद्या माझ्या, पर्वत माझे, आणि वेळ खाणार जर्मनीचे राजे. मी चौधरी सरांकडे तक्रार केली. एकदा नाही, पाच-सहा वेळा केली.

चौधरी सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी अत्तार सरांना खोलीत बोलावलं. मीही तिथेच होतो. बोलता बोलता ते म्हणाले, "सर, उगं मानभावीपणा करू नका. तुम्हाला बी ठाऊक हाय पोरं इथं कशाला येतेत."

अत्तार सर खुर्चीत सरळ बसले. "सर, माझी कानउघाडणी करा, पण तो शब्द परत घ्या."

"कोणता शब्द?"

"मानभावी. आपल्याकडं माहूरच्या बाजूला किती महानुभाव लोक हायत. काळे कपडे घालतेत, कुणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. त्यांच्या नावाचा आपण ढोंगी असा अर्थ करून ठेवला. शेकडो वर्षं बोलून राहिलो. त्यांनी आपलं काय घेतलं होतं?"

चौधरी सर माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीतून खाली पातेली बघायला लागलो. शेवटी शब्द परत घेतला गेला, पण अभ्यासक्रम वेळेत संपवायची गोष्ट त्या गडबडीत राहून गेली. असं दरवेळी व्हायचं. माणूस भांडायला जायचा आणि काहीतरी शिकून परत यायचा, आणि आपलं काम तसंच पडलेलं असायचं.

भूकंप झाला तेव्हा क्लास महिनाभर बंद होता. आम्ही पाच-सहा जण ट्रकबरोबर औशाच्या बाजूला जायचो, कपडे, धान्य, ताडपत्र्या वाटायला. त्याबद्दल मी फार बोलत नाही. जे बघितलं ते बघितलं. पण वर्षभरानं आम्ही त्यातल्याच एका गावात पुन्हा गेलो होतो, तिथलं एक मात्र सांगतो. जुनं गाव दगडमातीचा ढीग झालं होतं आणि दीड कोसावर पत्र्याच्या शेडची नवी वस्ती पडली होती. वाद पेटला होता तो गावच्या मारुतीवरून. देऊळ पडलं, मूर्ती शाबूत राहिली. अर्ध्या गावानं मूर्ती उचलून नव्या वस्तीत नेली. बाकीचे म्हणत होते, देव जागा सोडत नसतो, आमची माणसं इथंच गाडली गेलीत. त्यांनी जुन्या चौथऱ्यावर दुसरा शेंदरी दगड मांडला. दोन्हीकडचे एकमेकांच्या घरी पाणी पीत नव्हते. मूर्ती नेली त्यांना हे 'देवचोर' म्हणत होते आणि मागे राहिलेल्यांना ते 'ढिगारेवाले'.

अत्तार सर अक्षरशः थरारले होते. मला बाजूला ओढून म्हणाले, "वाघमारे, पंथ जन्मून राहिलाय. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यानं बघायला मिळालं." मला त्यांचा संताप आला. लोक कुठल्या दुःखात आहेत आणि ह्यांना अभ्यास सुचतोय. पण ते आधी नव्या वस्तीत गेले आणि एका म्हाताऱ्याजवळ उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "बाबा, ते तुम्हाला देवचोर म्हणतेत. तुम्ही सोताला काय म्हणता?"

म्हातारा म्हणाला, "आमी काय म्हनायचं? आमी गाव हाव."

मग ते उन्हात दीड कोस चालत जुन्या ढिगाऱ्याकडे गेले. तिथे चौथऱ्यापाशी बसलेल्या बाईला तेच विचारलं. तिनंही वर न बघता तेच सांगितलं, "आमी गाव हाव की."

परत येताना ट्रकमध्ये, औसा मागे पडल्यावर सर म्हणाले, "दोघं बी खरं बोलतेत, आणि हे शासनाच्या कागदावर कुठंच येणार न्हाई." त्यांचे डोळे भरलेले होते. त्या दिवशी माझा त्यांच्यावरचा राग गेला, आणि पुढच्या आठवड्यात भूगोलाचा तास बुडाला तेव्हा परत आला.

त्यानंतरच्या वर्षांत लातूर पाहता पाहता बदललं. शेजारच्या तीन जिल्ह्यांतली पोरं पत्र्याच्या पेट्या आणि गाद्या घेऊन उतरायला लागली. घरमालकांनी जिन्याखालच्या जागाही भाड्यानं दिल्या. आमचा क्लास दोन खोल्यांतून एका मोठ्या हॉलमध्ये गेला, मग दोन हॉल झाले. समोरच्या गल्लीत दुसरा क्लास उघडला आणि त्यांनी इतिहासाचा अख्खा अभ्यासक्रम चाळीस पानांच्या छापील नोट्समध्ये बसवला. चौधरी सरांनीही आमच्या नोट्स छापायला काढल्या. संपादन माझ्याकडे दिलं.

इथे खरी ठिणगी पडली. अत्तार सरांनी बौद्ध धर्माचं पान लिहून दिलं. त्यात जुन्या पंथाचं नाव होतं स्थविरवाद, म्हणजे थेरवाद, आणि खाली लिहिलं होतं : 'यांना हीनयान म्हणजे हलकी वाट असे महायानवाल्यांनी म्हटले. हे त्यांचे नाव नव्हे.' मी ते पान घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"सर, उत्तरतालिकेत हीनयान असतंय. दरवर्षी येतंय. सरळ हीनयान लिहू."

"शिवी हाय ती, वाघमारे."

"असू द्या."

"तुम्ही म्हणता, असू द्या?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं सगळं न बोलता कळलं. मी मुरूडच्या बौद्ध घरातला. आमच्या आजोबांनी धर्म बदलला. गावानं त्यांना आधी काय काय नावानं बोलावलं होतं ते मला सरांनी सांगायची गरज नव्हती.

मी चिडून म्हणालो, "मला हीन म्हणा सर, चालतंय. मार्क पाहिजे. आमच्या पोरांना नोकरी लागली की मग नावाचं बघू." मी ते पान स्वतः बदललं. ठळक अक्षरांत हीनयान छापून घेतलं आणि खालची ओळ काढून टाकली. सर छापखान्यात आले नाहीत की माझ्याशी भांडले नाहीत. वर्गात मात्र त्यांनी फळ्यावर रेघ मारली आणि सांगायचं ते सांगितलं.

त्या वर्गात माझी धाकटी बहीण होती, संगीता. मुरूडहून माझ्याकडे राहायला आलेली. परीक्षेची तिची तिसरी खेप. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, बजावलं होतं की ह्या वेळी झालं तर नोकरी, नाहीतर आलेलं स्थळ पक्कं. पहाटे चारला उठून स्टोव्हवर चहा टाकायची आणि भिंतीला पाठ लावून वाचायची. घरी मीच तिची उजळणी घ्यायचो. जुना पंथ कोणता? हीनयान. तिनं मला हे उत्तर किमान वीस वेळा दिलं असेल.

परीक्षेत प्रश्न आला. बौद्ध धर्मातील जुन्या मताला धरून राहिलेला पंथ कोणता? एक, महायान. दोन, हीनयान. तीन, वज्रयान. चार, यांपैकी नाही.

संध्याकाळी पोरं क्लासमध्ये उत्तरं जुळवायला जमली. आमच्या अकरा जणांनी चौथ्या पर्यायावर खूण केली होती. अकरा. त्यात संगीता होती. निकाल लागला तेव्हा ती एका मार्कानं राहिली.

मी घरी येऊन तिच्यावर ओरडलो. आजही आठवलं की लाज वाटते, पण ओरडलो. "वीस वेळा सांगितलं होतंस मला. तिथं काय झालं?"

ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही. "माहीत होतं दादा. हात गेला न्हाई."

"म्हणजे?"

"आजोबांना काय म्हणायचे ते आप्पा सांगतेत का न्हाई? मग मी कशाला कुणाला हीन लिहू? चौथं होतं, ते खरं होतं. खरं लिहिलं."

मी अत्तार सरांना शिव्या घालत त्यांच्या खोलीवर निघालो, तर तेच जिन्यात भेटले. आमच्याच घरी यायला निघाले होते. घरात येऊन ते खुर्चीवर बसले नाहीत, दारातच जमिनीवर टेकले. संगीतानं पाणी दिलं. तिला म्हणाले, "बेटा, मी चूक शिकवलं न्हाई. पण परीक्षा कशी द्यायची ते बी शिकवलं न्हाई. तुझा मार्क मी खाल्ला."

"सर, तसं न्हाई," ती म्हणाली. "माझा मी दिला."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. पाण्याचा पेला हातात तसाच भरलेला होता. मला वाटत होतं, एक जोरदार भांडण व्हावं आणि मोकळं व्हावं. पण समोरचा माणूस आधीच मोडलेला असला तर भांडायचं कुणाशी? तो राग माझ्यात तसाच राहिला. उन्हाळ्यात संगीताचं लग्न झालं, नांदेडला. जावई रेल्वेत आहेत, माणूस चांगला आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

समोरच्या गल्लीतल्या क्लासनं मात्र संधी सोडली नाही. आमच्या पोरांना त्यांनी नाव ठेवलं, 'यांपैकी नाहीवाले'. महिनाभरात ते गावभर झालं. चहाच्या टपरीवर, वसतिगृहात, मेसमध्ये. आणि सरांना नुसतं 'यांपैकी नाही'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर हसले. म्हणाले, "बघा, आपला बी पंथ झाला. गल्लीनं नाव दिलं." दुसऱ्यांदा एका पालकानं तोंडावर म्हटलं, "यांपैकी नाही तुम्हीच ना? माझ्या पोराचं वर्ष घालवलंत." तेव्हा ते हसले नाहीत. त्या पालकाला मी उत्तर देऊ शकलो असतो. हीनयान छापलेल्या नोट्स माझ्या खिशात होत्या. मी बोललो नाही. पुढच्या महिन्यात चौधरी सरांनी अत्तार सरांना दुसरीकडे बघायला सांगितलं. त्यांचे राहिलेले तास मी घेतले.

मग दहा-बारा वर्षांनी मी संगीताकडे नांदेडला गेलो होतो. स्टेशनवरून ऑटोतून येताना चौकात एक मोठा फलक दिसला. अत्तार सरांचा फोटो, केस पूर्ण पांढरे, आणि शेजारी लिहिलेलं : 'इतिहासाचे जादूगार. एकही मार्क जाणार नाही.' मी ऑटो थांबवला आणि पत्ता विचारत गेलो.

हॉलमध्ये तीनेकशे पोरं होती. सर मंचावर माईक धरून उभे होते. मी मागच्या दारात थांबलो. ते फार भराभर बोलत होते, श्वास न घेता. "पंथाचा प्रश्न आला, जुना म्हणलं, डोळे झाकून हीनयान. विचार करायचा न्हाई. नवा म्हणलं, महायान. बाहेर पडलेले म्हणलं, खारिजी. पुढं चला." तीनशे पेनं एकदम खाली वाकत होती. कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही कुणाला काही विचारलं नाही. वीस मिनिटांत त्यांनी जगातले सगळे पंथ संपवले. मी त्यांना सात वर्षं जसं शिकवायला सांगत होतो, अगदी तसंच ते शिकवत होते, आणि माझ्यापेक्षा चांगलं. मला तिथं उभं राहवेना.

बाहेर आल्यावर त्यांनी मला लगेच ओळखलं. गळ्यात पडले. वाळ्याचा वास तसाच होता. टपरीवर चहा घेतला. तब्येतीचं, मुलांचं, गुडघ्याचं बोलून झालं. उठताना त्यांनी माझा हात धरला.

"वाघमारे, त्या सालापासून माझ्या हाताखाली एकाचाबी मार्क गेला न्हाई. एकाचाबी. बहिणीला सांगा."

पुढच्या बॅचची पोरं दारात जमली होती. ते वळले, गुडघ्यावर हात ठेवत तीन पायऱ्या चढले आणि त्या गर्दीत शिरले.

संगीताला मी सर भेटल्याचं सांगितलं. ती उठून उभीच राहिली. तिची मुलगी चौथीला आहे, तिलाही हाक मारून बोलावलं. "सर कसे हायत? अजून तसंच शिकवतेत का, दादा?"

"हाव," मी म्हणालो. "अगदी तसंच."

"मग माझा मार्क वाया गेला न्हाई," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

सरांचा निरोप मी तिला अजून दिलेला नाही.